शिक्षा, शिक्षण आणि एका न्यायाधीशाची कबुली

१/ १४ जानेवारी १६९७. बॉस्टनच्या साउथ चर्चमध्ये सार्वजनिक उपवास व प्रार्थनेचा दिवस पाळला जात होता. भर उपासनेत न्यायाधीश सॅम्युएल सीवल आपल्या जागी उभे राहिले आणि पाळक सॅम्युएल विलर्ड यांनी त्यांचा कागद मंडळीसमोर वाचला. त्यात अपराधाची कबुली होती.

२/ या प्रसंगामागे एक जुनी ख्रिस्ती धारणा आहे. नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा १२वा अध्याय देवाच्या शासनाकडे पित्याच्या प्रेमाची खूण म्हणून पाहतो. तेथील मूळ ग्रीक शब्द 'पैदेइआ' हा 'मूल' या अर्थाच्या शब्दापासून आला. वळण लावणे, घडवणे हा त्याचा आशय. मराठीतही 'शिक्षण' आणि 'शिक्षा' एकाच धातूतून जन्मले आहेत.

३/ न्यू इंग्लंडमधील प्युरिटन समाज ही धारणा अक्षरशः जगत असे. रोगराई, अवर्षण वा युद्ध आले की उपवासाचा दिवस जाहीर होई आणि पिता काय सुचवतो आहे, याचा शोध सुरू होई. १६७५-७६च्या 'किंग फिलिपच्या युद्धा'त वसाहतीची मोठी हानी झाली. त्यानंतर १६७९ मध्ये बॉस्टनला भरलेल्या धर्मसभेने समाजाच्या पापांची यादीच तयार केली.

४/ धोका येथेच दडलेला होता. संकट पापामुळे आले हे मान्य केले, तरी पाप कोणाचे? १६९२ मध्ये सेलममध्ये बोटे शेजाऱ्यांकडे वळली. चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी हा वृद्ध शेतकरी दगडांखाली चिरडून मारला गया. त्या विशेष न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपैकी सीवल एक होते.

५/ मे १६९६ मध्ये सीवल यांना मृत पुत्र झाला. डिसेंबरात दोन वर्षांची सारा दगावली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलाने मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायातील ओळी लॅटिनमध्ये म्हणून दाखवल्या. त्यांत निर्दोषांना दोषी ठरवणाऱ्यांची कानउघाडणी आहे. त्या ऐकताच सेलम डोळ्यांपुढे उभे राहिले, अशी नोंद सीवल यांच्या रोजनिशीत आहे.

६/ तीनच आठवड्यांनी ते मंडळीसमोर उभे होते. दोष व लाज स्वतःकडे घेऊन त्यांनी क्षमा मागितली आणि आपल्या पापाचे शासन कुटुंबावर वा देशावर येऊ नये, अशी प्रार्थना केली. बारा ज्यूरींनीही लेखी क्षमायाचना केली. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी मात्र कधीच चूक मान्य केली नाही.

७/ १७०० मध्ये सीवल यांनी 'द सेलिंग ऑफ जोसेफ' ही गुलामगिरीविरोधी पुस्तिका छापली. न्यू इंग्लंडमधील अशा आरंभीच्या लेखनात तिची गणना होते.

८/ निष्पाप बालकाचा मृत्यू हा पित्याचा धडा कसा मानावा? हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेतही अनुत्तरितच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात तर जन्मांधाच्या अंधत्वाचा पापाशी जोडलेला संबंध येशू स्वतःच नाकारतो. तरीही एक भेद ध्यानात घ्यावा. १६९२ मध्ये याच श्रद्धेने दुसऱ्यांचे गुन्हे शोधले आणि माणसे फासावर गेली. १६९७ मध्ये तिने स्वतःचा गुन्हा शोधला आणि एक न्यायाधीश भरल्या सभेत मान खाली घालून उभा राहिला.