सर्व्हिसिंगनंतर गाडी सिग्नलला बंद पडते? मोबाईलवर असं शोधा कारण

गाडी गॅरेजमधून आणली. थ्रॉटल बॉडी साफ झाली, प्लग बदलले. आणि आता सिग्नलला थांबलं की इंजिन थरथरतं, आरपीएमचा काटा खालीवर नाचतो, कधी गाडी बंदच पडते. अशा वेळी बरेच जण आणखी एखादा पार्ट बदलून पैसे घालवतात. पण त्रास दुरुस्तीनंतरच सुरू झाला असेल, तर पहिला संशय घ्यायचा तो कामात जिथे हात लागला त्या जागेवर.

आयडलिंगलाच त्रास का?

१ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, म्हणजे इंजिन थोडीच हवा घेतं. त्यात एखादा व्हॅक्यूम पाईप निघालेला असेल, तर तिथून शिरणारी जादा हवा सगळं गणित बिघडवते. वेगात इंजिन भरपूर हवा ओढतं, तेव्हा तीच गळती किरकोळ ठरते. म्हणून गाडी हायवेला मस्त पळते आणि सिग्नलला रडते.

आधी बॉनेट उघडा

इंजिन बंद आणि थंड असताना हे बघा:

- एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा आणि थ्रॉटलकडे जाणाऱ्या पाईपचा क्लॅम्प घट्ट आहे का?
- बारीक रबरी पाईप निघालेत किंवा चिरलेत का?
- सेन्सर आणि इग्निशन कॉइलचे कपलर पूर्ण बसलेत का?

मग मोबाईल काढा

बीएस-६ गाड्यांमध्ये आणि बऱ्याच बीएस-४ गाड्यांमध्येही स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असतो. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा छोटा स्कॅनर लावा आणि ॲपशी जोडा. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला स्कॅनर घ्या. साधा ब्लूटूथवाला चालत नाही.

कोड दिसले की लगेच क्लिअर करू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या. क्लिअर केलं की बिघाडाच्या क्षणाची नोंदही पुसली जाते.

- पी०१७१: मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी.
- पी०३००: मिसफायर, पण ठरावीक सिलिंडर सापडत नाही. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा.
- पी०५०५: आयडल कंट्रोलमध्ये गडबड.

फ्युएल ट्रिम वाचा

इंजिन गरम झाल्यावर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिमची बेरीज करा: एकदा आयडलला, एकदा उभ्या गाडीत २५०० आरपीएमला. उणे १० ते अधिक १० टक्के साधारण ठीक. समजा आयडलला अधिक २० आणि २५०० ला अधिक ४ आलं, तर हवेची गळती शोधा. रेस दिल्यावर आकडा आणखी वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासायला सांगा.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही गाड्या हवेचा अंदाज मॅप सेन्सरने घेतात. त्यांत गळती असूनही ट्रिम नॉर्मल दिसू शकतो, पण आयडलचा आरपीएम मात्र वाढलेला असतो.

सगळं ठीक, तरी त्रास?

थ्रॉटल किती उघडायचा हे ईसीयू अनुभवावरून शिकलेला असतो. कार्बन साफ झाला किंवा बॅटरी काढली की तो हिशेब चुकतो. काही गाड्या थोडं चालवल्यावर पुन्हा शिकतात, काहींना स्कॅनरने आयडल रीलर्न करावं लागतं. पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा व्हिडिओ बघून करू नका.

हे मात्र पाळा

चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडलही कडक होतं. म्हणून दोष सापडेपर्यंत घाट आणि हायवे टाळा. गाडी चालवताना ॲप बघू नका. आणि हो, गॅरेजला परत जाताना बिल आणि स्क्रीनशॉट दोन्ही सोबत न्या. ‘गाडी नीट चालत नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा ट्रिमचे दोन आकडे दाखवलेत, तर मेकॅनिकलाही नेमकं कुठे बघायचं ते कळेल.