समलैंगिकता जन्मजात असते का? एका जुन्या वादाची गोष्ट

'डॉक्टर, हे जन्मजात असतं की संगतीनं लागतं?' हा प्रश्न आई-वडील नेहमी दबक्या आवाजात विचारतात. त्यामागे बहुतेक वेळा दुसरा प्रश्न दडलेला असतो: 'मग यावर काही औषध?' या दोन प्रश्नांची गल्लत दीडशे वर्षं जुनी आहे, म्हणून हा इतिहास तुम्हाला सांगावासा वाटतो.

१८६० च्या दशकात कार्ल उलरिक्स या जर्मन कायदेतज्ज्ञाने मांडलं, की पुरुषाला पुरुषाचं वाटणारं आकर्षण जन्मजात आहे, मग शिक्षा कशाची? बर्लिनचे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १८९७ मध्ये समिती स्थापन करून हाच मुद्दा पुढे नेला. हेतू चांगला होता. पण 'कारण शरीरात आहे' म्हटलं, की 'मग शरीर दुरुस्त करू' म्हणणारा आलाच! पहिल्या महायुद्धाच्या सुमारास व्हिएन्नाच्या श्टायनाख यांनी दोष वृषणात असल्याचं ठरवलं आणि समलैंगिक पुरुषांवर दुसऱ्याच्या वृषणाचं रोपण झालं. गुण आला नाही. १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत वेर्नेट नावाच्या डॅनिश डॉक्टरने कैद्यांच्या शरीरात हार्मोनच्या कॅप्सूल बसवल्या. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांना तुरुंग टाळण्यासाठी स्त्री-हार्मोन घ्यावं लागलं. दोन वर्षांनी ते गेले.

इथे थोडं थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या. समलैंगिक पुरुषांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन इतर पुरुषांसारखंच असतं. ते बाहेरून दिलं तर कामेच्छा वाढू शकते, पण तिची दिशा बदलत नाही. म्हणून हे ओळखणारी रक्ततपासणी नाही आणि बदलणारं इंजेक्शनही नाही. लॅबमध्ये पैसे घालवू नका.

मग हा आजार नाही, हे ठरलं कसं? जीन सापडला म्हणून नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलैंगिक पुरुषांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि नावं झाकून त्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या. कोण कुठल्या गटातला, हे तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. हे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालं. अशा अभ्यासांमुळे आणि समलैंगिकांच्या आंदोलनामुळे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. कारण कुणालाच माहीत नव्हतं, तरी निर्णय झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासात महत्त्वाचं आहे ते हेच.

कारणांचा शोध त्यानंतर खरा रंगला. १९९१ मध्ये सायमन लव्हे यांनी ४१ मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. हायपोथॅलॅमसमधला एक ठिपक्याएवढा भाग समलैंगिक पुरुषांत लहान दिसला. पण त्यातले सगळे समलैंगिक पुरुष एड्सने गेलेले होते आणि नमुना छोटा, त्यामुळे शंका राहिल्या. १९९३ मध्ये डीन हेमर यांना समलैंगिक भावांच्या ४० जोड्यांपैकी ३३ मध्ये एक्स गुणसूत्राचा ठरावीक भाग समान आढळला. 'गे जीन सापडला' म्हणून वर्तमानपत्रं नाचली. १९९९ मध्ये दुसऱ्या गटाला तसं काही दिसलं नाही.

त्या मानाने एक निरीक्षण बरंच टिकलं: एकाच आईचे मोठे सख्खे भाऊ जितके जास्त, तितकी धाकटा समलैंगिक असण्याची शक्यता थोडी वाढते. (थोडीच हं! चौथा मुलगा बहुधा भिन्नलैंगिकच असतो.) २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांचे जीन तपासले गेले. एकच असा जीन निघाला नाही. अनेक जीन्सचा प्रत्येकी बारीकसा वाटा निघाला. एकाच्या जीन्सवरून त्याचा कल सांगता येत नाही. जुळ्यांचे अभ्यासही तेच सांगतात: एकसारख्या जुळ्यांतला एक समलैंगिक असला, तरी दुसरा असेलच असं नाही. म्हणजे जीवशास्त्राचा हात नक्की आहे, पण तो एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही. आणि आईच्या लाडामुळे किंवा होस्टेलमुळे हे होतं, याला पुरावा नाही.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कल बदलण्याचे 'उपचार' हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कुणी डॉक्टर गोळ्या, शॉक किंवा संमोहनाने मुलाला 'सरळ' करून देतो म्हणाला, तर फी भरू नका. राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे त्याची तक्रार करता येते. मूल खचलेलं असेल, झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल, तर मात्र लगेच घेऊन या. त्यावर उपचार आहेत.