स्मरणचित्राचा पेपर

एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या पोरांना मी अजिंठ्याची एक हकीकत सांगतो. 1872 पासून 1885 पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते. शाळेतली चित्रकलाही पुढं बराच काळ नकलेचीच राहिली: समोर घडा, सुरई, पान, काढा जसंच्या तसं. मुलाला काय वाटतं, हे कोण विचारतंय? व्हिएन्नात फ्रान्झ चिझेकनं 1897 मध्ये मुलांना मनातलं काढू देणारा वर्ग सुरू केला. आपल्याकडं ती हवा पोचायला उशीरच झाला.

शासकीय रेखाकला परीक्षेत तेवढी फट स्मरणचित्रानं ठेवली. ‘जत्रा’ विषय दिला की आमच्याकडं कर्णपुऱ्याच्या जत्रेतला आकाशपाळणा ठरलेला. एका मुलीनं तो कोपऱ्यात ढकलला आणि मधोमध स्वतःला काढलं, पाळण्याहून मोठी, आईचा हात सुटलेली, पाचही बोटं ताठ. सोळाव्या लेण्यातल्या मरणासन्न राजकन्येची कललेली मान मला आठवली. ग्रिफिथ्सनी त्या चित्रातल्या कारुण्याला मनापासून दाद दिली होती. परीक्षक मात्र प्रमाण बघणार. म्हणून पेपरात पाळणा मोठा काढ म्हणालो. घरच्या वहीत नको.