पुराच्या वेळचे गाठोडे

नवा रायपुरात मंत्रालयाच्या इमारतीचे नाव महानदी भवन आणि संचालनालयांच्या इमारतीचे इंद्रावती भवन. नद्या अशा पाट्यांवर आल्या; पण त्यांचा पूर हा आखीव सेक्टरांत राहणाऱ्यांना दूरचाच विषय वाटतो. नोकरीनिमित्त इकडे आलेली मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. वस्तुतः जुलै २०२२ मध्ये छत्तीसगडच्या दक्षिण टोकाचे कोंटा गाव पाण्याखाली गेले, ते गोदावरीच्या फुगवट्याने शबरीचे पाणी तुंबल्यामुळे. भद्राचलमला तेव्हा गोदावरीने ७१ फुटांची पातळी ओलांडली होती. त्र्यंबकेश्वरला आपण जिचे उगमतीर्थ घेतो, तीच ही नदी.

घर सोडताना काय उचलावे, हा प्रश्न मराठी माणसापुढे सर्वांत क्रूरपणे उभा राहिला तो १२ जुलै १९६१ रोजी. पानशेतचे मातीचे धरण अजून पुरते बांधून झालेले नव्हते. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते सावरण्याची शर्थ केली. सकाळी ते फुटले आणि त्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याची भिंतही गेली. मुठेकाठच्या पेठा बुडाल्या. धरण का फुटले याची न्यायालयीन चौकशी झाली, ते योग्यच. परंतु धरण फुटल्यापासून दारात पाणी येईपर्यंतच्या अवधीत सामान्य गृहस्थाने काय करावे, याचे उत्तर कोणत्याच कार्यालयात तयार नव्हते. माझ्या मते प्रशासनाच्या दृष्टीने हाही तितकाच गंभीर प्रश्न होता.

पुढचे दिवस अधिक बोलके आहेत. पुण्याचे पिण्याचे पाणी खडकवासल्यावर अवलंबून. ते धरणच गेल्यावर पूर ओसरलेल्या शहरात चिखल मुबलक आणि नळ कोरडे, अशी अवस्था झाली; वाड्यांतील आड पुन्हा उपयोगी पडले. म्हणून पुराच्या गाठोड्यात पहिली वस्तू पाणीच हवी, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे. माणशी दिवसाला तीन लिटर, असे तीन दिवसांचे. चार माणसांच्या घरात ते छत्तीस लिटर होते, म्हणजे पाठीवर नेण्याजोगे नव्हे. व्यवहारात प्रत्येकाजवळ एक बाटली, कुटुंबामागे एक कॅन आणि क्लोरीनच्या गोळ्या एवढेच साधते. खाण्यासाठी फुटाणे, गूळ, शेंगदाणे. चूल लागेल असे जे काही असेल ते घरीच ठेवावे.

दुसरी वस्तू कागद. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. पण अशा घरांच्या मालकी हक्काचा प्रश्न पुढे कित्येक दशके सरकारी फायलींतून फिरत राहिला. पूर दोन दिवसांत ओसरतो, कागदाचे काम नातवापर्यंत पोहोचते. महाराष्ट्रात नुकसानीचा पंचनामा तलाठी करतो, छत्तीसगडात पटवारी. आणि मदत मिळते ती राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ अन्वये. येथे सातबारा मागून चालत नाही, बी-१ आणि खसरा लागतो. परप्रांतात राहणाऱ्याने आपल्या गावचे आणि येथले, असे दोन्हीकडचे कागद प्लास्टिकच्या जाड पिशवीत एकत्र ठेवावेत. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्याचा उपयोग अवश्य करावा. मात्र टॉवर बंद पडला की भ्रमणध्वनी केवळ विजेरीच्या कामाचा उरतो. जवळच्यांचे दूरध्वनी क्रमांक वहीच्या पानावर लिहिलेले असावेत, सोबत राज्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७० आणि जिल्ह्याचा १०७७.

विजेरी, लहान रेडिओ, शिट्टी, दोर, आठवड्याची औषधे, जास्तीचा चष्मा, स्त्रियांची निकड, दहा-वीसच्या नोटा. दागिन्यांबद्दल मी काही लिहीत नाही. ते कोणी विसरत नाही.

परंतु गाठोडे बांधण्याहून ते कधी उचलायचे हे ठरविणे अवघड. सांगलीकरांजवळ त्याचे एक माप आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा, ४५ ला धोका. नदीकाठची जुनी घरे हा आकडा ऐकून सामान माळ्यावर चढवतात आणि मग बाहेर पडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पूर्वीचा पूर जिथवर आला होता, तिथवरच येईल, या हिशेबाने थांबलेल्या कुटुंबांना मग नावेची वाट पाहावी लागली. ब्रह्मनाळला ती नाव उलटली आणि माणसे बुडाली. अनुभव असलेला माणूसही असा फसतो. नवा रायपुरात तर असले माप कोणाच्या तोंडी नाही, आणि ते असावे यासाठी नगररचनेच्या आराखड्यात रकाना नसतो.

जपानात १९५९ च्या इसेवान तुफानानंतर, १९६० पासून १ सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिन पाळतात; १९२३ च्या कांतो भूकंपाची ती तारीख. त्या सुमारास घरोघरी दाराजवळची पिशवी उघडून तपासली जाते. आपल्याकडे १२ जुलै ही तारीख पुण्याबाहेर कोणाला आठवत नाही. निदान मृग लागण्यापूर्वी एकदा पिशवी उघडावी. विजेरीचे सेल गळलेले असतात, औषधांची मुदत सरलेली असते आणि मुलांचे गेल्या वर्षी ठेवलेले कपडे हमखास लहान झालेले असतात.