कॉरोनेट पर्वत: बर्फाआडचे जुने नाव

१/ शिलालेखांत सोलापूरचे जुने नाव 'सोन्नलगे' असे आढळते. नाव बदलले तरी भूमी तीच राहते. 'पोकेमॉन' खेळांतील कॉरोनेट पर्वताची कथाही अशीच आहे.

२/ २००६ च्या 'डायमंड' व 'पर्ल'मध्ये हा पर्वत सिन्नो प्रांताला दुभागतो. पोटात गुहा, वर हिमवर्षाव, शिखरावर भग्न स्तंभ.

३/ २०२२ च्या 'लेजंड्स: आर्सियस'मध्ये पर्वत तोच, काळ जुना. प्रांताचे नाव हिसुई. खेळाडू नव्या वसाहतकऱ्यांच्या तुकडीत.

४/ सिन्नो बेतला आहे जपानच्या होक्काइदोवर. ऐनूंच्या या भूमीला जपानी लोक 'एझो' म्हणत. १८६९ मध्ये शासनाने नाव बदलले. ऐनूंना मूलनिवासी म्हणून कायद्याने मान्यता मिळाली ती २०१९ मध्ये, तब्बल दीडशे वर्षांनी.