पडीक कोणाच्या लेखी?

सातबाराच्या उताऱ्यात 'पोटखराब' नावाची एक नोंद असते. शेताच्या हद्दीतच, पण पेरणीस अयोग्य ठरवलेला तुकडा, म्हणजे खडक, ओघळ किंवा पायवाट, तिथे मांडला जातो. आमच्यापैकी पुष्कळांचा जमिनीशी संबंध आता या उताऱ्यापुरताच उरला आहे. म्हणूनच की काय, एखादी जमीन लागवडीची आणि एखादी निरुपयोगी, हा भेद आपल्याला निसर्गानेच घालून दिल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो कुणीतरी, कधीतरी, कागदावर घातलेला असतो. देशातील लागवडीखालच्या जमिनीचा इतिहास हा बराचसा या 'पडीक' शब्दाचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटते.

हा भेद पूर्वी इतका ठाम नव्हता. 'आइने-अकबरी'त जमिनीचे चार वर्ग दिले आहेत. दरवर्षी पिकणारी ती पोलज. एकदोन वर्षे विसाव्यासाठी सोडलेली ती परौती. तीनचार वर्षे न पेरलेली ती चाचर. आणि पाच वा अधिक वर्षे नांगर न लागलेली ती बंजर. हे वर्ग मातीच्या जातीचे नाहीत, काळाचे आहेत. आजची बंजर उद्या पोलज होऊ शकते, हे त्यात गृहीत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर भारतात लागवडीखालचे क्षेत्र विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मानाने साधारण निम्मे असावे, असा शिरीन मूसवी यांचा अंदाज आहे. जमीन मुबलक होती आणि कसणारे हात कमी. म्हणून राज्यकर्त्याला चिंता असे ती रयत टिकवण्याची. मराठेशाहीतील 'इस्तावा' हा याच चिंतेतून आलेला. पडजमीन उठवणाऱ्याला कौल द्यायचा, पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा आणि तो दरसाल चढवीत काही वर्षांनी पूर्ण दरावर आणायचा, अशी ती रीत होती.

कंपनी सरकारच्या काळात हा हिशेब बदलला. बंगालमध्ये १७९३ साली कायमधाऱ्याची पद्धत आणणाऱ्या कॉर्नवॉलिसने त्यापूर्वीच असे नोंदवून ठेवले होते की, कंपनीच्या मुलखाचा तिसरा हिस्सा केवळ श्वापदांचे रान आहे. १७७० च्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पाडली होती, हे यामागचे एक कारण. मात्र जिथे नांगर नाही तिथे मालमत्ता नाही, मालमत्ता नाही तिथे सुधारणा नाही, ही विचारसरणी तेव्हापासून कारभारात मुरली.

दख्खनच्या अनुभवाने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. १८२७ नंतर प्रिंगलने पुणे भागात जमिनीची पाहणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. तो इतका जड झाला की कुणब्यांनी जमिनी सोडल्या आणि चांगली शेते ओस पडली. पुढे गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात दर उतरवले, तेव्हा तीच शेते पुन्हा नांगराखाली आली. मातीत काही फरक पडला नव्हता. पडीक हा शब्द इथे जमिनीपेक्षा सरकारी दराचेच वर्णन करत होता.

लागवड वाढली, पण ती कशाच्या मोबदल्यात? गावाभोवतालची कुरणे एका बाजूने नांगराखाली जात होती, आणि दुसऱ्या बाजूने १८७८ च्या कायद्याने बळावलेले जंगल खाते डोंगर आणि चराऊ राने आपल्या ताब्यात घेत होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ही तक्रार स्पष्ट आहे. गायराने जंगलात घातल्यामुळे शेतकऱ्याच्या जनावरांना वारा खाण्यापुरतीही जागा राहिली नाही, असा त्यांचा रोख होता. बैलाशिवाय नांगर नाही आणि कुरणाशिवाय बैल नाही. शेताच्या हिशेबात कुरण हा तोट्याचा भाग नसून भांडवलाचा भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते.

याच काळात पंजाबच्या पश्चिमेकडील 'बार' प्रदेशात साम्राज्याचा सर्वांत मोठा प्रयोग सुरू झाला. नद्यांमधल्या या कोरड्या माळांवर उंट आणि गुरे चारणारे पशुपालक राहत. इंग्रजांनी त्यांना 'जांगली' म्हटले आणि त्यांची भूमी सरकारी पडीक ठरवली. १८९२ पासून चिनाबच्या कालव्याचे पाणी तिथे खेळू लागले, पूर्व व मध्य पंजाबातील शेतकऱ्यांना चौकोनी आखलेली शेते मिळाली आणि लायलपूर, म्हणजे आजचे फैसलाबाद, उभे राहिले. गहू आणि कापूस अमाप पिकला. पशुपालकांपैकी काहींना जमिनी मिळाल्या. पण त्यासाठी त्यांना पशुपालक म्हणून जगणे सोडावे लागले.

१९४७ च्या फाळणीत या कालवा वसाहतींचा फार मोठा भाग पाकिस्तानात गेला. धान्याची टंचाई आणि निर्वासितांचे लोंढे यांच्यामध्ये सापडलेल्या नव्या सरकारने मग उरलेल्या देशात नवी शेते शोधायला घेतली. मध्य भारतात कांस नावाच्या चिवट, खोल मुळांच्या गवताने व्यापलेली काळी जमीन ट्रॅक्टरने फोडण्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचे कर्ज घेतले गेले. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत जंगल तोडून आणि डीडीटी फवारून वसाहती झाल्या. थारूंचे वास्तव्य तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते. 'निर्जन' हे विशेषण तरीही त्या प्रदेशाला चिकटले.

आकडे या धडपडीची साक्ष देतात. १९५०-५१ साली देशातील निव्वळ पेरणी क्षेत्र सुमारे ११ कोटी ८७ लाख हेक्टर होते. १९७०-७१ पर्यंत ते १४ कोटींवर पोचले. आणि तिथेच थांबले! त्यानंतरच्या अर्धशतकात ते १४ कोटींच्या आसपासच फिरत राहिले आहे. १९५१ साली ३६ कोटी असलेली लोकसंख्या २०११ साली १२१ कोटी झाली, तरी शेत रुंदावले नाही. वाढ झाली ती त्याच शेतातून पुन्हा पीक काढण्याने. एकूण पिकाखालचे क्षेत्र १३ कोटी १९ लाख हेक्टरांवरून २१ कोटींच्या पुढे गेले. यामागे संकरित बियाणे होते आणि त्याहून अधिक पाणी होते, विशेषतः कूपनलिकांनी उपसलेले. म्हणजे क्षितिजाकडे सरकायला जागा उरली नाही तेव्हा आपण खाली, भूगर्भाकडे वळलो. परौतीचा विसावाही याच ओघात संपला.

त्याच वेळी शेत वाटले जात होते. सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली २.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरवर आले. आणि ज्यांच्या वाट्याला कधी काहीच आले नव्हते, त्यांचे काय? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातील प्रमुख मागणी होती. इथे आमचे विवेचन अडखळते, आणि ते अडखळावे हेच योग्य. गायरान ही गावाची सामायिक संपत्ती खरी. पण त्या 'गावा'त महारवाडा किती धरला जात होता? २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश राज्यांना दिला. कुरण वाचवण्याच्या दृष्टीने तो रास्तच म्हणावा लागेल. तरीही धनदांडग्याने बळकावलेले कुरण आणि दलित कुटुंबाने कसलेली गायरानाची एकदोन एकर जमीन यांना एकच 'अतिक्रमण' हा शब्द लावणे आम्हाला पटत नाही.

आजही केंद्र सरकार देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध करते. त्यात झुडपी माळ आणि खालावलेली कुरणे येतात. धनगरांच्या मेंढ्या आणि माळढोकासारखे पक्षी ज्यांवर जगत आले, ती माळराने याच प्रकारची. या जमिनींवर आता नांगरापेक्षा कारखाने आणि सौर प्रकल्पच अधिक येतील. त्यांची गरज नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण एखाद्या भूभागाला पडीक म्हटले जाते तेव्हा तिथे काय उगवत नाही, एवढे विचारून भागत नाही. तिथे आजवर कोण जगत आले आणि तो शब्द उताऱ्यावर कोणी लिहिला, हे आधी विचारायला हवे.