रक्ताची साक्ष

पनवेलचें नांव औषधांशीं फार पूर्वीं जोडलें गेलें आहे. कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं तेथें धूतपापेश्वराच्या नांवानें आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. त्याच पनवेल तालुक्यांत, खारघर येथें, २००२ सालापासून टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील संशोधनसंस्था नांदत आहे. जुना वैद्य नाडीवर बोटें ठेवून देहांतील दोष ओळखूं पाहात असे. आजचा शास्त्रज्ञ तीच पृच्छा रक्ताच्या थेंबास करीत आहे. पोटांत दडलेल्या कर्करोगाची वार्ता रक्त वेळींच सांगेल काय, हा तो प्रश्न होय.

मोठ्या आंतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगासंबंधीं हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. हा रोग एका रात्रींत उद्भवत नाहीं. आंतड्याच्या अस्तरावर प्रथम लहानशी गांठ येते. तिचा कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षें किंवा अधिक काळ लागतो. रोग आंतड्यापुरताच असतां सांपडला, तर दहांपैकीं नऊ रोगी पांच वर्षांनंतरहि हयात असतात, असा अमेरिकेंतील अनुभव आहे. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर असे रोगी दहांत एक-दोनच उरतात. निसर्ग सवड पुष्कळ देतो. माणूसच ती गमावतो. शौचावाटे रक्त दिसलें, तरी 'मूळव्याध असेल' असें मनाशीं म्हणून तें घरांतहि कोणास सांगितलें जात नाहीं. हातांतून थोडें रक्त देण्यास मात्र कोणी लाजत नाहीं. रक्तपरीक्षेची ओढ लागली ती यामुळेंच.

१९२० नंतरच्या दशकांत जर्मनींत ओटो वारबुर्ग यांनीं दाखविलें कीं, कर्करोगाच्या पेशी साखर अधाशीपणानें खातात, आणि प्राणवायु भरपूर असतांहि तिचें लॅक्टिक आम्ल करतात. रोगाची चूल निराळी, तर तिचा धूर रक्तांत दिसावयास हवा, ही कल्पना येथून रुजली. पुढें १९६५ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांस आंतड्याच्या कर्करोगांत एक प्रथिन सांपडलें. तें गर्भाच्या आंतड्यांतहि असतें. १९६९ सालीं अशा ३६ रोग्यांपैकीं ३५ जणांच्या रक्तांत तें आढळल्याचें प्रसिद्ध झालें, तेव्हां चोर सांपडला असें अनेकांस वाटलें.

तो आनंद टिकला नाहीं. तें प्रथिन धूम्रपान करणारांत व यकृताच्या रोग्यांतहि वाढतें, आणि कर्करोग लहान असतां पुष्कळदां वाढतच नाहीं, हें उघड झालें. आज त्याचा उपयोग मुख्यतः शस्त्रक्रियेनंतर रोग परतला काय, हें पाहण्यासाठीं होतो.

चालू शतकांत रेणूंचें वजन करणारीं सूक्ष्म यंत्रें हातीं आलीं, आणि चयापचयांतून निपजणारीं शेंकडों द्रव्यें एका थेंबांत मोजतां येऊं लागलीं. रोगी व निरोगी यांच्या रक्तांत फरक अनेक प्रयोगशाळांस दिसला. पण तोच फरक सर्वांस दिसला नाहीं. आदल्या रात्रीचें जेवण, उपवास, मधुमेह, नमुना तपासण्यास झालेला विलंब, इतक्यानेंहि हीं द्रव्यें बदलतात. शिवाय हिशेबहि कठोर आहे. समजा, निरोगी दिसणाऱ्या १०,००० माणसांत ३० जणांस हा रोग आहे, आणि परीक्षा शंभर निरोग्यांपैकीं दहांवर खोटा आळ घेते. तर तीस जणांसाठीं सुमारें हजार निरपराध माणसें भयभीत होतील! २०२४ सालीं अमेरिकेंत मान्य झालेली रक्तपरीक्षा तर चयापचयाच्या द्रव्यांची नसून पेशींतून गळालेल्या आनुवंशिक द्रव्याची आहे. ती १०० रोग्यांपैकीं ८३ ओळखते. पण कर्करोगाच्या वाटेवरील गांठी १०० पैकीं १३ च.

येथें खारघरच्या संस्थेच्या पूर्वजाचें स्मरण होतें. १९४१ सालीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं घेतली. १९५२ सालीं त्यांच्याच नेतृत्वाखालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें. खारघरची संस्था हें त्याचेंच वाढलेलें रूप होय. कर्करोग भारतांत विरळा, असा समज त्या काळीं रूढ होता. खानोलकरांनीं रोग्यांच्या नोंदी समाज, चालीरीति व व्यसनें यांनुसार लावून दाखविलें कीं, रोग येथेंहि आहे, मात्र त्याचें ठाणें समाजागणिक वेगळें आहे. एका समाजाचें माप दुसऱ्यास डोळे मिटून लावूं नये, हा त्यांचा धडा रक्तांतील खुणांसहि लागू पडतो. भाकरी-आमटीवर वाढलेल्या देहाचें रक्त परदेशच्या कोष्टकाशीं जुळेलच असें नाहीं. तें येथल्याच निरोगी माणसांवर पारखून घ्यावें लागेल.

तोंवर एक जुनी, साधी परीक्षा हातीं आहे. शौचांतील डोळ्यांस न दिसणारें रक्त शोधणें, ती ही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांत ४६,००० हून अधिक माणसांवर तिचा प्रयोग झाला. ज्यांची परीक्षा दरवर्षीं होई, त्यांच्यांत या रोगाचे मृत्यू एक-तृतीयांशानें घटले, असें १९९३ सालीं जाहीर झालें. दोष आढळल्यास दुर्बिणीनें आंतडें पाहावें लागतें, आणि गांठ असेल तर ती तेव्हांच काढतां येते.

रक्ताची साक्ष एके दिवशीं विश्वसनीय ठरेल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. परंतु देह आपल्या परीनें आजहि साक्ष देतच असतो. शौचावाटे रक्त, पालटलेली शौचाची सवय, अकारण येणारा फिकेपणा, या त्याच्या भाषेंतील हांका होत. त्या ऐकून संकोचानें गप्प बसणें, ही चूक मात्र कोणत्याहि यंत्रास सुधारतां येणार नाहीं.